गुलमर्ग : दोरीच्या अलीकडे

आमच्या तालुक्यात 'दरड' हा शब्द लहान मुलांना शिकवावा लागत नाही. महाड-पोलादपूरच्या बाजूला ज्याने दोन-चार पावसाळे काढले आहेत, त्याला डोंगर खाली येतो म्हणजे काय होते ते ठाऊक असते. जुलै 2021 मध्ये तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यानंतर कित्येक रात्री पावसाचा जोर वाढला की आमच्या घरात कोणाचा डोळा लागत नसे. म्हणजे डोंगर आणि पाणी एकत्र आले की सावध राहावे, एवढी समज आम्हाला होती. पण बर्फाचीही दरड असते आणि तिचा हिशेब मातीच्या दरडीपेक्षा वेगळा असतो, हे मात्र चाळिशी उलटून गेल्यावर गुलमर्गमध्ये कळले. तेही आपणहून नाही, एका वृद्ध काश्मिरी गाइडने आमचे पैसे नाकारले तेव्हा.

आमच्या थोरल्या आपाचा मुलगा दुबईत हिशेबाच्या कामावर आहे. कोकणातल्या निम्म्या मुस्लिम घरांसारखा आमचाही एक पाय आखातात असतोच. तिथे मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये स्की दुबई नावाचा बंदिस्त बर्फाचा उतार आहे. 2005 साली तो सुरू झाला. बाहेर वाळवंट भाजत असते आणि आत शून्याखालच्या थंडीत माणसे पायांना लांब पट्ट्या बांधून घसरत असतात. सर्वांत लांब उतार चारशे मीटरचा. भाच्याने दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन स्कीइंग शिकून घेतले आणि मग त्याला खऱ्या डोंगराची ओढ लागली. जानेवारी 2024 मध्ये तो रजेवर आला तेव्हा म्हणाला, "मामू, तिकिटं मी काढतो. तुम्ही फक्त रजा टाका." शाळेतल्या पूर्वपरीक्षा आटोपल्या होत्या. आम्ही दोघे, आठवीतली मुलगी आणि भाचा, असे चौघे निघालो. आपा फोनवर तीन वेळा म्हणाली, "त्याला एकट्याला सोडू नका. तो ऐकल्यासारखं करतो, ऐकत नाही."

त्या वर्षीचा जानेवारी काश्मीरमध्ये जवळजवळ कोरडा गेला होता. 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे तिकडचा चिल्ला-ए-कलाँ, थंडीचा सर्वांत कडक काळ. या काळात पडलेला बर्फ डोंगरावर टिकतो आणि उन्हाळ्यात ओढ्या-नद्यांना पाणी पुरवतो. त्या वर्षी ऐन चिल्ल्यात गुलमर्गची कुरणे तपकिरी पडलेली होती. वर्तमानपत्रांत ते फोटो येत होते आणि खोऱ्यात ठिकठिकाणी बर्फ-पावसासाठी दुआ मागितल्या जात होत्या. पाऊस लांबला की आपल्याकडे ईदगाहवर लोक जमतात, तसेच. भाचा हिरमुसला होता. आम्ही मात्र मनात म्हणत होतो, बर्फ नसला तर बरेच, थंडी कमी सोसावी लागेल.

महिनाअखेरीस बर्फ आला. आम्ही श्रीनगरहून निघालो तेव्हा आभाळ खाली उतरले होते आणि टंगमर्गला पोहोचेपर्यंत भुरभुर सुरू झाली होती. टंगमर्ग ते गुलमर्ग तेरा किलोमीटरची चढण आहे. बर्फ असला की चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्याच वर सोडतात. गमबूट आणि जाड कोट भाड्याने घेण्याचे ठिकाणही टंगमर्गच. आमच्या मापाचा कोट मिळाला नाही. जो मिळाला त्याच्या बाह्या गुडघ्यापर्यंत येत होत्या, आणि त्या अवतारातला आमचा फोटो मुलांच्या अम्मीने आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकला.

पुढचे दोन दिवस आम्ही खिडकीतून बर्फ पाहिला. खोलीत लाकडावर चालणारी बुखारी, हातात नून चाय आणि बाहेर पांढरा पडदा. गुलमर्गमधली घरे उतरत्या पत्र्याच्या छपरांची आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी म्हणाली, "अब्बू, समोरच्या छपरावर सकाळपासून बर्फ साठतोय, पण थोडासुद्धा खाली पडत नाही." पाऊण तास ती पाहत बसली होती. मग एकदम धडाड आवाज झाला आणि छपराच्या एका अंगाचा सगळा बर्फ, जाड गोधडी ओढावी तसा, एकाच वेळी खाली आला. खाली उभ्या असलेल्या सायकलचे नुसते हँडल दिसत होते. आम्ही तिला म्हटले, पत्रा गुळगुळीत असतो म्हणून. तेव्हा आम्हाला एवढेच सुचले. ती जे पाहत होती तोच पुढच्या दिवसांचा धडा होता.

गुलमर्गचा डोंगर म्हणजे पीर पंजाल रांगेतला अफरवट. गुलमर्ग गावच 2650 मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटरने उंच. तिथून गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला सुमारे 3080 मीटरवर नेतो आणि दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ 3950 मीटरवर. पहिला टप्पा 1998 मध्ये सुरू झाला, दुसरा 2005 मध्ये. भाच्याच्या दुबईच्या उताराचेही तेच साल. वर जाणारे बहुतेक पर्यटक फोटो काढून त्याच डब्यातून खाली येतात. स्की करणारे मात्र पट्ट्या लावून खाली सुटतात. उताराचा एक भाग दोऱ्या आणि निशाणे लावून राखलेला असतो. गस्तीची माणसे तो तपासतात, आणि गरज पडली तर स्फोट घडवून धोक्याचा बर्फ आधीच पाडून टाकतात. दोरीपलीकडे डोंगर कित्येक पट मोठा आहे, खोल घळींचा, आणि तिथला बर्फ कोणी तपासलेला नसतो. जगभरातले कसलेले स्कीयर गुलमर्गला येतात ते याच दोरीपलीकडच्या बर्फासाठी.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, लख्ख ऊन पडले. आम्ही आवरून खिडकीपाशी गेलो तर पहिला टप्पा चालू, दुसरा बंद. कारण विचारले तर "वर बर्फ धोक्याचा आहे" एवढेच उत्तर. रांगेत गलका झाला. एवढ्या लांबून आलो, आगाऊ तिकिटे काढली, आकाशात ढगाचा तुकडा नाही, आणि म्हणे धोका! खरे सांगायचे तर त्या गलक्यात आमचाही आवाज होता. पावसाचा धोका पाऊस पडताना असतो असे आमचे कोकणी डोके सांगत होते. पाऊस थांबला, ऊन आले, म्हणजे सुटलो.

मुसाफिरावर जुमा फर्ज नाही, पण गावात मशीद आहे तर कशाला सोडा, म्हणून नमाजेला गेलो. काश्मीरमधल्या मशिदींना हमाम असतो. दगडी फरशीच्या खाली लाकडे जळतात, त्यामुळे फरशी गरम राहते आणि वुजूला गरम पाणी मिळते. नमाज झाली तरी लोक त्या फरशीवर पाठ टेकून बसून राहतात. आमच्या शेजारी साठीचे एक गृहस्थ बसले होते. गप्पा उर्दूत सुरू झाल्या. आयुष्यभर त्यांनी स्की शिकवण्याचे आणि लोकांना डोंगरात नेण्याचे काम केले होते. भाच्याचे डोळे चमकले. त्याने विचारले, "चाचा, कल हमें रस्सी के उस पार ले चलेंगे?"

चाचांनी हो-नाही काहीच म्हटले नाही. आधी विचारले, आज गोंडोला का बंद आहे, कळले का? मग फरशीवर बोटाने रेघा ओढत त्यांनी जे समजावले ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो.

डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर, असे थरावर थर बसलेले असतात. थर एकमेकांना नीट चिकटले तर चिंता नाही. पण एखादा थर कच्चा निघाला तर त्याच्यावरचे सगळे ओझे नुसते तोलून राहिलेले असते. त्या वर्षी नेमके तेच झाले होते. हिवाळ्याच्या सुरुवातीला अफरवटच्या वरच्या अंगाला थोडाच बर्फ पडला, आणि मग कित्येक आठवडे कोरडी, निरभ्र थंडी. बर्फाखालची जमीन त्या मानाने उबदार आणि वरची हवा अतिशय थंड, आणि मध्ये बर्फ वीत-दीड वीत. अशा वेळी बर्फातली वाफ खालून वर सरकत राहते आणि कणांचा आकार पालटतो. मऊ बर्फाचे जाड, कोरडे, एकमेकांना न चिकटणारे दाणे बनतात, अगदी साखरेसारखे. मुठीत घेऊन दाबले तरी गोळा होत नाही. अशा साखरेवर आता दोन दिवसांत भरपूर नवा बर्फ येऊन पडला होता.

"आणि वारा," चाचा म्हणाले. वारा शिखराच्या एका बाजूचा बर्फ उचलतो आणि आडोशाच्या बाजूच्या घळींत नेऊन भरतो. आभाळातून हातभर पडला असेल तर तिथे पुरुषभर साठतो. वरून तो छान सपाट दिसतो, पाय ठेवला तर कडकही लागतो, म्हणून माणूस फसतो. शिखराच्या कडेला तोच वारा बर्फाचा छज्जा बांधतो. त्यावर उभे राहून फोटो काढणाऱ्याला आपल्या पायाखाली डोंगर नाही, हे ठाऊक नसते.

सिनेमात पाहून आमची समजूत होती की बर्फाचा गोळा गडगडत मोठा होत खाली येतो. तसे नसते. वरचा थर पाटीसारखा तडकतो. तडा क्षणात शंभर-दोनशे मीटर धावतो आणि सगळा उतारच सुटतो. माणूस त्याच्या मधोमध असतो. जीव घेणाऱ्या बहुतेक हिमस्खलनांत तडा पाडणारे वजन त्या माणसाचे किंवा त्याच्या सोबत्याचेच असते. म्हणजे डोंगर वरून येऊन आपल्यावर पडतो असे नाही, आपणच तो ओढून घेतो. मुलीला छप्पर आठवले. "पत्रा म्हणजे ती साखर," ती म्हणाली. चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

कोनाचीही गोष्ट आहे. फार सपाट उतारावर बर्फ सुटत नाही. फार उभ्या कड्यावर तो साठतच नाही, पडता पडता झडून जातो. धोका मधल्यांचा, साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारांचा. आणि स्कीयरला मजा नेमकी याच उतारांवर येते. ज्याला शाळेतले कोनमापक हाताळता येते त्याला हे समजायला अडचण नाही.

घरी परतल्यावर आम्ही हे परातीत करून पाहिले. परातीत ओलसर खरखरीत फडके अंथरले, त्यावर जाड साखरेचा थर, त्यावर चाळणीने मैदा, आणि मैदा उलथन्याने हलकेच दाबून घेतला. मग परात एका बाजूने सावकाश उचलली. बराच वेळ काही होत नाही. मग मैद्याला वरच्या अंगाला एक सरळ चीर जाते आणि पूर्ण पाटी घसरते. साखर न घालता हाच प्रयोग केला तर परात बरीच जास्त तिरपी करावी लागते. आठवीच्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा भूगोलाच्या तासाला मुले पहिल्यांदाच बाकावर उभी राहिली. मैदा वाया जातो याबद्दल मात्र मुलांच्या अम्मीकडून ऐकून घ्यावे लागले.

तर हमामात चाचा एवढे सांगून थांबले. मग भाच्याला म्हणाले, "बेटा, तुझी पाठीवरची पिशवी उघड." पिशवीत काय होते? मोबाईलची बॅटरी, सेल्फीची काठी, चॉकलेट, ज्यूसचे दोन डबे आणि जास्तीचे हातमोजे. चाचांनी विचारले, "बीकन? शोधकाठी? फावडं?" तिन्ही नव्हते. बीकन म्हणजे छातीला बांधायचे छोटे यंत्र. ते सतत रेडिओ संदेश सोडते, आणि सोबती गाडला गेला तर बाकीचे आपापली यंत्रे शोधाच्या खुणेवर फिरवून त्याची जागा काढतात. मग लांब काठी खुपसून खोली कळते आणि फावड्याने उपसावे लागते. खाली येऊन थांबलेला बर्फ मऊ राहत नाही. घर्षणाने तो दाबला जातो आणि थांबताक्षणी सिमेंटसारखा आवळतो. गाडलेल्याला बोटही हलवता येत नाही.

आणि वेळ. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढले तर गाडले गेलेल्यांपैकी बहुतेक जण वाचतात. अर्धा तास उलटला की तिघांतला जेमतेम एक. बर्फाखाली श्वासाची हवा संपते, थंडीने मरण्याइतका वेळही मिळत नाही. गुलमर्गहून मदत निघून वर पोहोचायला पंधरा मिनिटे कधीच पुरत नाहीत. म्हणजे वाचवले तर बरोबरच्यांनीच वाचवायचे. "तुझ्यासोबत कोण आहे?" चाचांनी विचारले. भाच्याने हॉटेलात भेटलेल्या दोन मुलांकडे बोट दाखवले. तीही नवशिकी, आणि त्यांच्याही पिशव्या तशाच.

इथे आमच्याकडून जे घडले ते लिहिताना लाज वाटते. भाच्याचा उतरलेला चेहरा आम्हाला पाहवला नाही. इतका खर्च त्याने केलेला, पुन्हा रजा कधी मिळेल ठाऊक नाही. आम्ही चाचांना बाजूला घेतले आणि म्हणालो, "जनाब, थोडा भाग दाखवा. जो काही दर असेल त्याच्या दुप्पट देऊ." वर्गात बेसावधपणाबद्दल मुलांचे कान धरणारे आम्ही!

चाचा रागावले नाहीत. म्हणाले, "मास्टरजी, माझ्याकडेही फक्त माझ्यापुरतं बीकन आहे. मी गाडला गेलो तर हा मुलगा मला शोधू शकणार नाही. तो गाडला गेला तर मी त्याला शोधू शकणार नाही. पैसे कशाचे घेऊ?" मग एक वर्षापूर्वीची गोष्ट सांगितली. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवटच्या हापतखुद भागात हिमस्खलन झाले. पोलंडचे दोन स्कीयर त्यात गेले आणि वीसच्या आसपास लोकांना बाहेर काढावे लागले. ते काही दुबईच्या मॉलमध्ये शिकलेले नव्हते. आणि फेब्रुवारी 2010 मध्ये खिलनमर्गच्या उतारावर लष्कराच्या उंच पर्वतीय युद्ध प्रशिक्षण संस्थेची तुकडीच बर्फाखाली आली, 17 जवान गेले. ज्यांचे शिक्षणच बर्फात होते, ते. चाचा म्हणाले की त्या दिवसापासून आपल्याला बर्फ समजतो असे ते कोणापुढे बोलत नाहीत.

भाचा त्या रात्री जेवला नाही. त्याचे म्हणणे, "परदेशी माणसं रोज जातात, मग आपल्यालाच भीती का? मौत लिहिली असेल तर घरातही येईल." हे वाक्य आम्ही दरडीच्या वेळीही ऐकले होते. डोंगराला भेगा पडल्या आहेत, घरे रिकामी करा, असे सांगणाऱ्या माणसांना आमच्या बाजूला नेमके हेच उत्तर मिळायचे. तकदीर मानणाऱ्याने खबरदारी घेऊ नये असे दीनमध्ये कुठे आहे? उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचा, ही हदीस आमच्या घरातल्या लहान मुलांनाही पाठ आहे. आम्ही ती त्याला ऐकवली नाही, कारण ऐकवली असती तर तो आणखी चिडला असता. आम्ही फक्त फोन त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "अम्मीला तूच सांग, उद्या कुठे जाणार आहेस ते. आम्ही काही बोलणार नाही." त्याने फोन लावला नाही. थोड्या वेळाने आम्हाला परत दिला आणि तोंड फिरवून झोपला.

दुसऱ्या दिवशी दुसरा टप्पा उघडला. चाचा बरोबर आले, दोरीच्या आतल्या उतारासाठी. तेवढ्याला त्यांची हरकत नव्हती. वरून दिसणारे दृश्य सांगायला शब्द तोकडे पडतात. पीर पंजालची रांग डोळ्यांत मावत नाही, आणि या डोंगराच्या पाठीमागे पूंछ. मुलीने विचारले, नमाजेच्या सुरुवातीला तुम्ही जी दुआ पढता, तिच्यात पापे धुण्यासाठी पाणी, बर्फ आणि गारा मागितल्या आहेत, तो बर्फ असाच का? अरबस्तानात राहून बर्फ कसा सुचला असेल, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. आम्ही तिला सांगितले की शामच्या डोंगरांवर बर्फ पडतो, आणि मक्केचे काफिले शामला जात असत.

भाचा चार वेळा दोरीच्या आतून उतरला आणि, अल्हम्दुलिल्लाह, सुंदर उतरला. दोरीपलीकडच्या घळीत पाच-सहा परदेशी स्कीयर गेले, एकेक करून, मध्ये अंतर ठेवून. पहिला पूर्ण खाली आडोशाला पोहोचल्याशिवाय दुसरा सुटत नव्हता. चाचांनी ते मुद्दाम दाखवले. सगळे सुखरूप खाली गेले. काही झाले नाही. संध्याकाळी भाचा म्हणाला, "पाहिलंत मामू? काहीच झालं नाही."

आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि याच गोष्टीवर आम्ही नंतर सर्वांत जास्त विचार केला. शिक्षकाच्या दृष्टीने पाहा. मुलाने गणित चुकवले तर लाल शाईची फुली त्याला लगेच दिसते, पुढच्या वेळी तो सुधारतो. हा डोंगर चुकीच्या उत्तरालाही बहुतेक वेळा पूर्ण गुण देतो. दहा वेळा कच्च्या थरावरून माणूस पार होतो. नेमका जिथे थर पातळ आहे तिथे त्याचा पाय पडत नाही एवढेच. त्याला वाटते आपले ज्ञान वाढले. वाढलेली असते ती फक्त सवय. दरडीखालच्या घरात चाळीस पावसाळे काढलेला माणूसही हेच सांगत असतो.

काश्मीरमध्ये या बर्फाची झळ स्कीयरपेक्षा गावकऱ्यांना आणि जवानांना जास्त बसली आहे, हेही सांगायला हवे. फेब्रुवारी 2005 मध्ये कुलगामच्या वाल्टेंगू नार गावावर हिमस्खलन आले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यांनी कोणतीही दोरी ओलांडली नव्हती, ती आपल्या घरात होती. जानेवारी 2017 मध्ये गुरेझला लष्कराच्या तळावर बर्फ आला. त्या जवानांमध्ये आपल्या महाराष्ट्रातली मुलेही होती, अकोल्याच्या दोन घरांत तेव्हा निरोप पोहोचले होते. आता चंदीगडची संरक्षण खात्याची संस्था बर्फाचा अभ्यास करून जिल्हावार इशारे देते. अमुक उंचीच्या वर धोका कमी, मध्यम की जास्त, असे ते असतात. वर्तमानपत्रात आणि मोबाईलवर मिळतात. आपल्याकडचे पर्यटक हॉटेलचे शेरे तासभर वाचतात, हा इशारा एक मिनिट वाचत नाहीत. आम्हीही वाचला नव्हता.

जी कुटुंबे हिवाळ्यात तिकडे जाणार आहेत त्यांनी घाबरून बेत रद्द करू नये. गावात, पहिल्या टप्प्यावर, मुलांनी बर्फाचे गोळे करून खेळावे, त्यात भीती नाही. फक्त छपरांच्या वळचणीला उभे राहू नये, आमच्या मुलीने पाहिलेली सायकल आठवावी. ढकलगाडीवाले किंवा घोडेवाले "जवळचा रस्ता" म्हणून एखाद्या घळीच्या तोंडाशी नेऊ लागले तर मुकाट्याने परत फिरावे. वरचा टप्पा बंद असेल तर खिडकीवरच्या माणसाशी हुज्जत घालू नये. मोठी हिमवृष्टी थांबल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस, आणि त्यात स्वच्छ ऊन, हाच काळ सर्वांत जास्त फसवा असतो. चालताना पायाखालून धप्प असा दबका आवाज आला किंवा बर्फात चिरा धावताना दिसल्या, तर तो थर कच्चा असल्याची खूण आहे. तिथून आल्या पावली मागे यावे. आणि ज्याला खरोखर दोरीपलीकडे जायचे आहे त्याने आधी शिकावे. गुलमर्गमध्ये स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी सरकारी संस्था आहे, हिवाळ्यात तिथे वर्ग चालतात.

परतीच्या दिवशी टंगमर्गला कोट परत करताना चाचा भेटायला आले. मुलीला अक्रोडाची पुडी दिली. भाच्याने त्यांच्याशी हात मिळवला, पण घुश्श्यातच. दुबईला गेल्यावरही आठवडाभर त्याचे आमच्याशी बोलणे "जी मामू, ठीक मामू" एवढ्यापुरतेच होते.

22 फेब्रुवारीला दुपारी मधल्या सुट्टीत फोन वाजला. भाच्याचा मेसेज होता, एका बातमीचा दुवा, सोबत एक शब्दही नाही. गुलमर्गमध्ये अफरवटच्या खिलनमर्ग भागात हिमस्खलन, रशियन स्कीयरांची तुकडी सापडली, एकाचा मृत्यू, बाकीच्यांना वाचवण्यात आले. त्याआधीच्या दिवसांत तिथे भरपूर बर्फ पडला होता. आम्ही ती बातमी दोनदा वाचली. मग त्याला फोन केला. तो कामावर होता. आम्हीही काही बोललो नाही, तोही नाही. शेवटी त्याने विचारले, "चाचांचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

संध्याकाळी आम्हीच त्यांना फोन लावला. ते घरी होते, खुशाल होते. आवाजावरून थकलेले वाटले. भाच्याबद्दल विचारले, मुलीबद्दल विचारले. आम्ही म्हटले, तिकडे हवा कशी आहे? ते म्हणाले, "बर्फ आहे मास्टरजी, अल्हम्दुलिल्लाह. या वर्षी झऱ्यांना पाणी राहील." मग जरा थांबून म्हणाले, "मुलाला सांगा, पुढच्या वेळी येताना तीन बीकन आणायचे. एक माझ्यासाठी नको, माझ्याकडे आहे."

भाच्याला आम्ही ते तसेच्या तसे कळवले. त्याने उत्तर पाठवले, "मग दोनच लागतील ना मामू?" तिसरे कोणासाठी ते आम्हालाही अजून कळलेले नाही. मुलगी म्हणते, माझ्यासाठी.